नाट्यगृह आणि चवदार तळें

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खालीं उतरते, महाडाजवळ गांधारीला भेटते आणि दासगांवावरून पुढें बाणकोटच्या खाडीला मिळते. या मुलखावर पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २०२१ सालीं जुलै महिन्याच्या २२ तारखेस महाड शहर पुराच्या पाण्यानें वेढलें होतें. तरीहि चैत्र-वैशाख आला म्हणजे याच महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर टँकर धांवूं लागतात, आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेला त्यांची वाट पाहत उभ्या राहतात. पाणी अपार आणि पाणी दुर्मिळ, अशी ही निसर्गाची विसंगति आहे. परंतु याच भूमींत माणसानें याहून मोठी विसंगति निर्माण केली होती. तळें तुडुंब भरलेलें असतांना, तहानलेला मनुष्य कांठाशीं उभा असतांना, त्याला ओंजळ भरण्याची मनाई होती.

चवदार तळ्याची ही हकीकत महाराष्ट्रांतील शिकलेल्या घरांतून थोडीबहुत सर्वांस ठाऊक आहे. २० मार्च १९२७ या दिवशीं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आपल्या अनुयायांसह या तळ्यावर गेले व त्यांनीं तेथील पाणी प्राशन केलें, हें शाळेच्या पुस्तकांतहि असतें. मात्र या हकीकतींतील एक साधी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. ज्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेंतून ही मंडळी तळ्याकडे निघाली, ती परिषद महाडच्या वीरेश्वर थिएटरांत, म्हणजे नाटकाच्या जागेंत, भरली होती. जेथें एरवीं राजे आणि राण्या तोंडें रंगवून उभीं राहत, तेथें १९ व २० मार्च असे दोन दिवस खेड्यापाड्यांतून पायीं आलेलीं सुमारें अडीच-तीन हजार माणसें बसलीं होतीं. कार्यक्रम संपला, आणि प्रेक्षकांनीं जें आजवर कधींच केलें नव्हतें तें या मंडळींनीं केलें. तीं उठून घरीं गेलीं नाहींत, तळ्याकडे गेलीं.

रंगभूमीवर अन्यायाचें चित्र दाखविलें गेलें, प्रेक्षकाचें हृदय हललें, आणि पडदा पडला. त्यापुढें प्रेक्षकानें काय करावयाचें? हा प्रश्न नाट्यकलेइतकाच जुना असला पाहिजे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत नाट्याची उत्पत्ति सांगतांना असें म्हटलें आहे कीं, ज्यांना वेदश्रवणाचा अधिकार नव्हता त्यांनाहि लाभ व्हावा म्हणून ब्रह्मदेवानें सर्व वर्णांसाठीं हा पांचवा वेद निर्माण केला. म्हणजे नाट्याच्या जन्मकथेंतच बाहेर ठेवलेल्या माणसाची आठवण आहे. पण पुढें या पांचव्या वेदाचे श्रोतेहि वर्णवारीनें बसूं लागले, आणि बाहेरचा मनुष्य बहुधा बाहेरच राहिला. ज्या नाटकांनीं त्या माणसाची कैफियत मांडली, त्यांना समाजानें व सरकारनें आजवर काय उत्तर दिलें, हें पाहूं गेल्यास तीन प्रकारचीं उत्तरें दिसतात. पहिलें बंदी, दुसरें मौन आणि तिसरें टाळी. चौथें उत्तर फार क्वचित् मिळतें. तें महाडास मिळालें.

बंदीची गोष्ट प्रथम घेऊं. बंगालमध्यें दीनबंधु मित्र यांनीं १८६० सालीं ‘नीलदर्पण’ हें नाटक लिहिलें. नीळ पिकविणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांनीं रयतेवर चालविलेल्या जुलमाचें तें चित्र होतें. त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्रीसाहेबांवर १८६१ सालीं खटला झाला. त्यांना एक महिन्याची कैद व १,००० रुपये दंड अशी शिक्षा झाली, आणि तो दंड कालीप्रसन्न सिंह या बंगाली गृहस्थांनीं तेथल्या तेथें भरला. पुढें १८७६ सालीं सरकारनें नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदाच केला. महाराष्ट्रांत याचेंच दुसरें उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकाचें. १९०७ सालीं तें रंगभूमीवर आलें. कथा विराटपर्वांतील, परंतु कीचकाच्या उन्मत्तपणांत लॉर्ड कर्झन, अपमानित सैरंध्रींत पराधीन देश, आणि भीमाच्या संतापांत जहाल पक्ष लोकांना स्पष्ट दिसत होता. सरकारलाहि तो दिसला, आणि १९१० सालीं नाटकावर बंदी आली.

एका दृष्टीनें पाहिलें तर बंदी हें नाटकाचें सन्मानपत्रच होय. ज्या नाटकाची सत्तेला भीति वाटते, त्यांत कांहीं सत्य असलें पाहिजे असें लोक समजतात. पण ‘कीचकवधा’च्या प्रेक्षकांबद्दल एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. विराटाच्या भरसभेंत कीचक सैरंध्रीला लाथ मारतो आणि राजा मुकाट्यानें बसून राहतो, ही मूळ भारतांतील कथा. ती ज्यांना ठाऊक होती, त्यांच्या मुठी नाटक पाहतांना आवळल्या जात. गोऱ्या माणसानें काळ्या माणसाला हीन लेखावें याची चीड त्यांना मनापासून येत होती, आणि ती येणें योग्यच होतें. मात्र त्याच वर्षांत, त्याच महाराष्ट्रांत, महाडच्या तळ्यावर आणि अशाच शेंकडों पाणवठ्यांवर, मनुष्य मनुष्याला पाणी घेऊं देत नव्हता. सभा निराळी होती, पण गप्प बसलेला विराट तोच होता. दुसऱ्यानें आपल्यावर केलेला अन्याय रंगभूमीवर ओळखणें सोपें असतें. आपण दुसऱ्यावर करीत असलेला अन्याय तेथें ओळखावयाचा तर डोळे अधिक उघडे लागतात.

आतां मौनाची गोष्ट. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. त्यांत एक अडाणी कुणबी नवरा-बायको आहेत. बाई गरोदर आहे. तिच्या भीतीचा फायदा घेऊन जोशी त्या जोडप्याला कर्जांत बुडवितो. एक पाद्री त्यांच्याशीं बोलतो, विदूषक मधूनमधून मर्मावर बोट ठेवतो, आणि अखेर तीं दोघें फुल्यांच्या रात्रीच्या शाळेंत शिकावयास जातात. मराठी गद्य नाटकाच्या अगदीं पहिल्या दिवसांतली ही रचना. राजा नाहीं, देव नाहीं, राक्षस नाहीं. घरांतलीं दोन गरीब माणसें आणि त्यांची फसवणूक, एवढाच विषय. फुल्यांनीं तें दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. नाटकावर बंदी आली नाहीं, खटला झाला नाहीं, कोणी निषेध केला नाहीं. तें फक्त बाजूला ठेवण्यांत आलें. छापून लोकांसमोर यावयास त्याला १९७९ साल उजाडलें. एकशें चोवीस वर्षें एक नाटक प्रेक्षकांची वाट पाहत होतें. बंदीपेक्षां मौन अधिक परिणामकारक कसें असतें, याचा याहून चांगला दाखला मराठींत तरी सांपडणार नाहीं. बंदी घातलेल्या नाटकाचें नांव लोक जपून ठेवतात. न बोललेल्या नाटकाचें नांवहि राहत नाहीं.

तिसरें उत्तर टाळीचें. तें सर्वांत गोड, आणि म्हणूनच सर्वांत फसवें. याचें उदाहरण दूर अमेरिकेंतील आहे. परंतु फुल्यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं तेथील कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी ड्यू बॉइस यांच्याशीं पत्रव्यवहार केला, त्या देशाचें उदाहरण या विषयांत परकें मानण्याचें कारण नाहीं. वॉशिंग्टन शहरांत नॅशनल थिएटर नांवाचें एक जुनें नाट्यगृह आहे. तेथें कृष्णवर्णीय नटांना रंगमंचावर काम करण्याची परवानगी होती. पण कृष्णवर्णीय माणसाला तिकीट काढून खुर्चीवर बसण्याची परवानगी नव्हती. म्हणजे त्याच्या दुःखाचें नाटक गोऱ्या प्रेक्षकांनीं पाहावें, त्याच्या गाण्याला टाळ्या द्याव्या, आणि त्यानें मात्र तें पाहूं नये! १९३६ सालीं ‘पोर्गी अँड बेस’ या संगीत नाटकाचे प्रयोग तेथें ठरले, तेव्हां त्यांतील प्रमुख गायक टॉड डंकन व ॲन ब्राउन यांनीं सांगितलें कीं, सर्वांना सारखा प्रवेश मिळाल्यावांचून आम्ही गाणार नाहीं. थिएटरवाले तेवढ्या प्रयोगांपुरते नमले. पुढें नटांच्या संघानेंच ही अट घातली, तेव्हां मालकांनीं काय करावें? कृष्णवर्णीयांना आंत घेण्यापेक्षां १९४८ सालीं त्यांनीं नाटकेंच बंद केलीं व तेथें चित्रपट दाखवावयास सुरुवात केली. १९५२ सालीं तें नाट्यगृह पुन्हा नाटकांसाठीं उघडलें, तें सर्वांना खुलें होऊनच.

या हकीकतींत लक्षांत घेण्यासारखें आहे तें हें कीं, टाळी वाजविणारे प्रेक्षक दुष्ट नव्हते. तीं सभ्य, सुशिक्षित, कलेवर प्रेम करणारीं माणसें होतीं. नाटकांतील शोक त्यांना खरा वाटत होता. फक्त शेजारची खुर्ची रिकामी कां, हा प्रश्न त्यांनीं स्वतःला विचारला नाहीं. तो विचारला नटांनीं. टाळीनें प्रेक्षकाचें मन हलकें होतें. अश्रु आले म्हणजे आपलें कर्तव्य झालें असें त्याला वाटतें. कीर्तनांत चोखोबाची कथा ऐकून डोळे पुसणारे लोक पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. पण त्यांच्यापैकीं किती जणांनीं चोखोबाच्या वंशजाला आपल्या आडावर हात धरून नेलें?

यावर कोणी असें म्हणेल कीं, टाळीवर एवढा राग कां? टाळीहि नको, तर प्रेक्षकानें काय दगड मारावा? तसेंहि झालेलें आहे, आणि त्याचाहि विचार केला पाहिजे. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ या १९८३ च्या नाटकांत एका समाजवादी ब्राह्मण कुटुंबांतील मुलगी एका दलित तरुण कवीशीं लग्न करते आणि तो तिला मारहाण करूं लागतो. सुधारणावादी पित्याच्या भाबडेपणावर नाटककाराचा रोख होता; पण अनेक दलित वाचकांना व प्रेक्षकांना वाटलें कीं, शेंकडों वर्षें मार खाल्लेल्या समाजाचें चित्र प्रथमच मोठ्या रंगमंचावर यावयाचें आणि तें मारणाऱ्याचें यावें, हा कोणता न्याय? त्यांचा संताप तीव्र होता. नाटककाराच्या स्वातंत्र्याची बाजूहि तितक्याच जोरानें मांडली गेली. या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. परंतु ज्यांच्याविषयीं नाटक आहे ते स्वतः प्रेक्षागृहांत येऊन बसले म्हणजे टाळीचा आवाज पूर्वीसारखा एकसुरी राहत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. आणि तें चांगलेंच आहे. ज्या घरांत सगळे एकाच मताचे असतात तेथें भांडण होत नाहीं हें खरें, पण त्या घराबाहेर कोण उभें आहे हें पाहिल्यावांचून त्याला एकमत म्हणतां येत नाहीं.

बाहेर उभ्या असलेल्या या माणसानें मध्यंतरीं स्वतःची रंगभूमि उभी केलेलीच होती. सत्यशोधकांचे जलसे फुल्यांच्या पश्चात् गांवोगांव झाले. १९३० नंतरच्या दशकांत भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनीं आंबेडकरी जलसे उभे केले. पडदा नाहीं, तिकीट नाहीं, खुर्ची नाहीं. चावडीजवळच्या मोकळ्या जागेंत कंदिलाच्या उजेडांत लोक जमिनीवर बसत, आणि सावकार, पाटील, पाणवठा, शाळा हे रोजचे विषय गाण्यांतून व संवादांतून पुढें येत. येथें प्रेक्षक आणि पात्र यांच्यांत अंतर नव्हतें. ज्याची कथा, तोच ऐकणारा. त्यामुळें ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न जलसा संपल्यावर विचारावा लागत नसे. तो जलशाच्या पोटांतच असे.

याच परंपरेंतून पुढें लेखी नाटकेंहि आलीं. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ ची. त्या वर्षीं महाडच्या घटनेला बरोबर पन्नास वर्षें होत होतीं. अस्पृश्यता पाळणें हा संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानें १९५० पासूनच गुन्हा ठरलेला होता. तरीहि एका लेखकाला पाण्याच्या घोटावर नाटक लिहावेंसें वाटलें, आणि तें नाटक अनेक भारतीय भाषांत जाऊन ठिकठिकाणीं होत राहिलें. थोडीं पात्रें, नेपथ्याचा भार नाहीं. शाळेच्या वर्गांत किंवा देवळाच्या ओट्यावरहि प्रयोग करावा. ज्या नाटकाचा विषय जुना झाला आहे तें नाटक लोक करीत नाहींत. तें इतकीं वर्षें होत राहिलें यांत लेखकाचें यश आहे; पण समाजाला अभिमान वाटावा असें त्यांत कांहीं नाहीं. हेच गज्वी २०१९ सालीं नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि ‘तृतीय रत्न’ परत पाठविणाऱ्या कमिटीचें एक लहानसें ऋण फिटल्यासारखें झालें.

आतां पुन्हा महाडच्या त्या मंडपाकडे वळावें. हा प्रदेश १९२७ सालीं एकाएकीं जागा झाला असें नाहीं. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर फौजेंतून निवृत्त होऊन आले आणि १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून धर्मपंडितांना उघड प्रश्न विचारले. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत संमत झाला. सरकारी खर्चानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा सर्वांना खुल्या कराव्या असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेनें सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकारानें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें अस्पृश्यांना खुलें असल्याचा ठराव केला. कागदावर तळें खुलें झालें. प्रत्यक्षांत मात्र तीन वर्षें कोणी पाण्याला हात लावला नाहीं. १९ मार्चला परिषदेसाठीं पाणी लागलें, तेव्हां तें स्पृश्य मंडळींकडून चाळीस रुपयांस विकत घ्यावें लागलें. कायद्यानें आपलें असलेलें पाणी परिषदेच्या चालकांनीं रोख पैसे मोजून विकत घेतलें!

दुसऱ्या दिवशीं भाषणें झालीं, ठराव झाले. नाटकाच्या भाषेंत सांगावयाचें तर आतां भरतवाक्य म्हणावयाचें व मंडळींनीं घरीं जावयाचें एवढेंच उरलें होतें. त्या वेळीं अनंत विनायक चित्रे यांनीं उठून सुचविलें कीं, ठराव करून परत जाण्यापेक्षां येथूनच सर्वांनीं तळ्यावर जावें. चित्रे कायस्थ, टिपणीसहि तसेच. सभेंतले बहुसंख्य लोक महार समाजाचे, त्यांत फौजेंत काम केलेले शिपाईहि कित्येक. चार-चार जणांची रांग करून मंडळी शिस्तीनें बाजारपेठेंतून निघाली. डॉ. आंबेडकर पुढें होते. ते तळ्यांत उतरले, त्यांनीं पाणी घेतलें; मागून इतरांनीं घेतलें. आणि मंडळी मंडपाकडे परतली.

या पावलाला समाजानें दिलेलें उत्तरहि नाटकांना मिळणाऱ्या उत्तरांसारखेंच होतें, फक्त त्यांत टाळी नव्हती. अस्पृश्य लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी खोटी आवई गांवांत उठविण्यांत आली. लाठ्या घेतलेला जमाव मंडपांत शिरला. जेवत बसलेल्या, गांवीं परतण्याच्या तयारींत असलेल्या माणसांना त्यानें मारलें, अन्न मातींत कालविलें. सुमारें वीस माणसें जबर जखमी झालीं. कित्येकांना मुसलमानांच्या घरीं आसरा मिळाला. फौजेंत राहिलेले तरुण उलट हात उचलण्यास तयार होते, डॉ. आंबेडकरांनीं त्यांना आवरलें. मग तळ्याची ‘शुद्धि’ झाली. त्यांतलें पाणी उपसून काढून, शेण, गोमूत्र, दूध-दही यांनीं भरलेले १०८ घडे आंत ओतून, मंत्र म्हणून, तळें पुन्हा पवित्र झाल्याचें ठरविण्यांत आलें. मनुष्य प्यायल्यानें बाटलेलें पाणी शेणानें शुद्ध झालें, असा हा न्याय. त्याच तळ्याचें पाणी मुसलमान व ख्रिस्ती पीत होते, गुरेंढोरें पीत होतीं. त्यानें तें बाटलेलें नव्हतें.

४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला जुना ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. तिला गांवांत जागा कोणी देईना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थांनीं आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तेथें मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर जाण्यास मात्र दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आड आला होता. डॉ. आंबेडकरांनीं तो पाळला. हजारों माणसें पाणी घेण्यासाठीं आलेलीं, आणि न्यायालयाच्या एका कागदासाठीं तीं पाणी न घेतां परत गेलीं. ज्यांना समाजानें कधीं कायद्याचें रक्षण दिलें नाहीं, त्यांनीं कायद्याचा मान राखला. पुढें नऊ वर्षांहून अधिक काळ दावा चालला. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या न्यायालयानें निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें दिला, आणि अपिलें होत होत १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो कायम केला. तळें अस्पृश्यांना बंद ठेवण्याची अनादि रूढि होती हें वादींना सिद्ध करतां आलें नाहीं. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षांस केवळ तीन दिवस कमी होते.

येथें पुन्हा अमेरिकेची एक गोष्ट आठवते. शिकागो शहरांत गोऱ्यांच्या वस्तींत घर घेणाऱ्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाला तेथून काढण्यासाठीं दावा झाला. तो थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला व १९४० सालीं त्यांच्या बाजूनें निकाल लागला. त्या गृहस्थांची कन्या लॉरेन हॅन्सबरी. लहानपणीं जें घरांत पाहिलें त्यांतून तिनें ‘अ रेझिन इन द सन’ हें नाटक लिहिलें. १९५९ सालीं तें न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें. तेथील मोठ्या रंगभूमीवर कृष्णवर्णीय स्त्रीचें नाटक येण्याची ती पहिलीच वेळ. नाटकांत एक गरीब कुटुंब विम्याच्या पैशांतून गोऱ्यांच्या वस्तींत घर घेतें, आणि तेथील रहिवाशांचा एक अत्यंत सौजन्यशील प्रतिनिधि येऊन त्यांना सांगतो कीं, आम्ही तुम्हांला जास्त पैसे देतों, तुम्ही येऊं नका. हा प्रतिनिधि शिवी देत नाहीं, काठी उगारीत नाहीं. तो हंसून बोलतो. म्हणूनच तो महाडच्या लाठीवाल्यांपेक्षां आजच्या शहरांतील वाचकांच्या व श्रोत्यांच्या अधिक ओळखीचा आहे.

कारण आज चवदार तळें मोकळें आहे. दरवर्षीं २० मार्चला तेथें हजारों लोक दुरून येतात, पाणी डोक्याला लावतात. महाडांत राष्ट्रीय स्मारक उभें आहे. तळ्यावर कोणी कोणास अडवीत नाहीं. मात्र त्या तळ्याचीं लहान लहान रूपें शहरांतील घरांतून अद्याप आहेत. बिऱ्हाड भाड्यानें द्यावयाचें म्हणजे आधीं आडनांव विचारलें जातें. आडनांवावरून उमज पडला नाहीं तर गांव विचारलें जातें. आणि मग अतिशय गोड शब्दांत सांगितलें जातें कीं, जागा कालच दुसऱ्यांना दिली. भांडीं घांसणाऱ्या बाईंचा चहाचा कप निराळा, तो खिडकींत उपडा घातलेला असतो. गटारांत उतरून काम करणाऱ्या माणसानें पाणी मागितलें तर तें वरून ओतलें जातें. असल्या घरांतील माणसेंहि नाटकाला जातात. अन्याय पाहून तीं हळहळतात, मध्यंतरांत चांगली चर्चा करतात, आणि घरीं परत येतात तेव्हां खिडकींतला कप खिडकींतच असतो.

नाटकाचें काम प्रेक्षकाला लाजविणें एवढेंच असतें, असा समज चुकीचा आहे. लाजेनें मनुष्य मान खालीं घालतो. मान खालीं घातलेल्याला शेजारी दिसत नाहीं. नाटकाचें खरें काम प्रेक्षकाला दाखविणें हें कीं, जें नेहमींचें आहे तें अटळ नाहीं. तळें बंद आहे, तें बंद असावयाचेंच, असें महाडांतील सज्जन माणसांनाहि वाटत होतें. त्यांतील कित्येक मनानें वाईट नव्हते. चित्र्यांनीं व टिपणिसांनीं तें अटळ मानलें नाहीं, आणि त्याची किंमत त्यांनीं आपल्या जातभाईंच्या रोषानें चुकविली. सुखवस्तु घरांतील सुशिक्षितांना अनुकरण करावयाचें तर त्यांचें उदाहरण जवळचें आहे. त्यांनीं दुसऱ्याचें नेतृत्व घेतलें नाहीं; सभा ज्यांची होती, पाणी ज्यांचें होतें, त्यांच्याबरोबर ते चालले.

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. त्यांच्या पराक्रमाचे पोवाडे या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या ऐकले गेले आहेत, आणि ते ऐकतांना कोणाचे बाहु स्फुरले नाहींत? परंतु कोंढाणा एकदांच घ्यावयाचा असतो. पाणी रोज द्यावयाचें असतें. त्याला दोर लागत नाहीं, घोरपड लागत नाहीं. पोवाडाहि कोणी रचीत नाहीं. खिडकींतला निराळा कप उचलून इतर कपांत ठेवण्यास किती धैर्य लागतें? फार थोडें. पण तेवढेंहि पुष्कळ घरांत अजून झालेलें नाहीं, म्हणूनच घोटभर पाण्याचें नाटक अद्याप जुनें झालेलें नाहीं.

पुढच्या वेळीं असें एखादें नाटक पाहून बाहेर पडतांना प्रेक्षकानें मनांत महाडचा तो मंडप आणावा. सभा उठली, आणि कोणी तरी उठून म्हणालें कीं, असेंच परत जाऊं नये. वीरेश्वर थिएटरापासून चवदार तळें फार दूर नव्हतें. पायीं जाण्याच्या अंतरावर होतें. ज्याच्या त्याच्या घरचें तळेंहि तितकेंच जवळ असतें.